साष्टीच्या नकाशावरच्या रेघा

साष्टी हे नाव मुळात एक आकडा आहे. सहासष्ट गावांचा समूह म्हणून षट्षष्टी, आणि बोलता बोलता साष्टी. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचं साल्सेत झालं, इंग्रजांनी सॅल्सेट लिहिलं. गोव्यातल्या साष्टी तालुक्याच्या नावाचीही हीच व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरं ज्या बेटावर वसली आहेत, त्याचं नाव ही गावांची मोजणी आहे. गावं किती ते नाव सांगतं. ती एकमेकांशी कशी जोडलेली होती, हे सांगत नाही.

हा लेख त्या जोडण्याविषयी आहे. मी मुलुंडला राहते, जवळचे बरेच नातेवाईक बोरिवलीला. नकाशावर बघितलं तर दोन्ही स्टेशनांमधलं सरळ अंतर सुमारे 12 किलोमीटर भरतं. लोकलनं जायचं तर मुलुंडहून दादर सुमारे 22 किलोमीटर, पूल ओलांडायचा, आणि दादरहून बोरिवली सुमारे 24. बारा किलोमीटरसाठी शेहेचाळीस, म्हणजे जवळपास चौपट. आमच्याकडे ‘बोरिवलीला जाऊन येते’ असं कुणी सहज म्हणत नाही. तो दिवसाचा कार्यक्रम असतो. या दोन उपनगरांमध्ये डोंगर आहे, जंगल आहे, हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. पण डोंगर तर दोन हजार वर्षांपूर्वीही होता, आणि तेव्हा या बेटावरची सगळ्यात गजबजलेली जागा त्याच डोंगरात होती. मग आजचं जाळं असं का झालं?

या प्रश्नासाठी मी एक साधा उद्योग केला. साष्टीचा एक जुना नकाशा घेतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवाशांसाठीच्या पुस्तकांत छापत तसला, आणि त्यावर वेगवेगळ्या काळांतली जाळी संगणकावर पायथन भाषेत काढून एकावर एक ठेवली.

ठिपके आणि रेघा

जाळ्याचा आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढंच. त्याचा जन्म शहराच्याच प्रश्नातून झाला. कोनिग्सबर्गमध्ये नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरून येता येईल का, असा प्रश्न होता. लेओनार्ड ऑयलरनं 1736च्या सुमारास दाखवलं की येणार नाही. त्यासाठी त्याला शहराचा आकार, रस्त्यांची लांबी, नदीचं वळण यांतलं काहीच लागलं नाही. जमिनीचे तुकडे म्हणजे बिंदू, पूल म्हणजे रेघा. भूगोल बाजूला ठेवला म्हणून प्रश्न सुटला.

जवळपास दोनशे वर्षांनी लंडनमध्ये हॅरी बेक यानं तेच भुयारी रेल्वेच्या नकाशाबाबत केलं. 1933 साली छापल्या गेलेल्या त्याच्या नकाशात रेघा सरळ किंवा ठरावीक कोनात तिरप्या आहेत, स्टेशनं सारख्या अंतरावर आहेत, आणि खऱ्या भूगोलातली एकटी थेम्स नदी तेवढी उरली आहे. जगभरच्या रेल्वेनकाशांनी पुढे हाच धडा गिरवला. मुंबईच्या लोकलच्या डब्यात लावलेला नकाशाही त्याच घराण्यातला. त्यात पश्चिम आणि मध्य मार्ग शेजारी शेजारी धावतात आणि मधली जागा कोरी असते. प्रवाशाला तेवढं पुरतं. आपल्याला मात्र इतिहास बघायचा आहे, आणि तो या कोऱ्या जागेत आहे. म्हणून ऑयलरनं आणि बेकनं जी जमीन बाजूला ठेवली, ती परत रेघांखाली सरकवावी लागते. मराठीत त्यासाठी ‘पार्श्वभूमी’ असा शब्द आहे, आणि त्यात भूमी आहे हे इथे सोयीचं आहे.

पायथनमध्ये हे काम दोन साधनांनी होतं. नेटवर्कएक्स बिंदू आणि रेघांचा हिशेब ठेवतं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत या शतकाच्या सुरुवातीला ते तयार झालं. मॅटप्लॉटलिब चित्र काढतं. ते लिहायला सुरुवात केली जॉन हंटर या मज्जाशास्त्राच्या अभ्यासकानं, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत्-लहरी पडद्यावर बघता याव्यात म्हणून.

नेटवर्कएक्सला फक्त बिंदूंची नावं आणि जोड्या दिल्या, तर ते स्वतःच्या मनानं मांडणी करतं. एक पद्धत अशी की रेघा म्हणजे स्प्रिंग आणि बिंदू एकमेकांना ढकलणारे. सगळं स्थिरावलं की चित्र तयार. त्यात मुलुंड बोरिवलीच्या पश्चिमेलाही जाऊन बसू शकतं. नकाशावर ठेवायचं तर प्रत्येक स्टेशनाचे अक्षांश-रेखांश आपण द्यायचे. मग मॅटप्लॉटलिबच्या ‘इमशो’ या आज्ञेनं नकाशाचं चित्र खाली अंथरायचं आणि त्याच्या चारही कडा कुठल्या अक्षांश-रेखांशांवर येतात ते सांगायचं. हे सांगावंच लागतं, कारण चित्राच्या ओळी संगणक वरून खाली मोजतो आणि अक्षांश खालून वर वाढतात. मुंबईच्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण म्हणजे साधारण 110.7 किलोमीटर आणि एक अंश पूर्व-पश्चिम म्हणजे साधारण 105. हे प्रमाण दिलं नाही तर बेट आडवं फुगतं. चित्र थोडं फिकट करायचं, रेघा त्यावर, ठिपके सगळ्यांत वर. एकूण वीस-पंचवीस ओळींचं काम.

खरी मेहनत त्याआधीची आहे. जुना नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचा तर दोन्हींत सापडणाऱ्या खुणा लागतात. गणितानं तीन खुणा पुरतात, त्या एका सरळ रेषेत नसल्या की झालं. पण तीनच घेतल्या तर त्या बरोबर बसतात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. म्हणून दहा-बारा घ्यायच्या आणि सगळ्यांची मिळून चूक कमीत कमी होईल असं बसवायचं. कुठल्या खुणा घ्यायच्या, हाच इतिहासाचा पहिला धडा. माहीमच्या खाडीचा काठ चालत नाही, कारण तिथे भराव घालून आज वांद्रे-कुर्ला संकुल उभं आहे. मिठीचं पात्र चालत नाही. चालतात त्या वसईच्या किल्ल्याचा तट, विहारचा बांध, घोडबंदरचं टोक, कान्हेरीची टेकडी. शंभर वर्षांत या बेटावर काय जागचं हललं नाही याची यादी करायला बसलं, की ती फार लांब होत नाही.

पहिला थर : मधोमध कान्हेरी

सगळ्यात खालचा थर कान्हेरीचा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून पुढे कित्येक शतकं इथे बौद्ध लेणी खोदली जात होती; शंभरावर लेणी, पाण्याची टाकी, आणि भिंतींवर दानाचे लेख. हे लेख आपल्या कामाचे, कारण दाता आपलं नाव सांगतो तसं गावही सांगतो. कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे आजचं चौल, नाशिक. कल्याण आणि सोपारा ही तेव्हाची बंदरं, व्यापाऱ्यांची गावं.

ही गावं बिंदू म्हणून मांडली आणि प्रत्येकापासून कान्हेरीपर्यंत रेघ ओढली, तर नकाशावर चांदणीसारखं चित्र येतं. चांदणीचा मध्य साष्टीच्या बरोबर पोटात, तिथेच जिथे रेल्वेच्या नकाशात कोरी जागा आहे. जवळच अंधेरीची महाकाली लेणी, जोगेश्वरी, बोरिवलीचं मंडपेश्वर. हे बेट तेव्हा मध्याकडे तोंड करून होतं.

इथेच एक सावधगिरी हवी. कल्याण ते कान्हेरी ही रेघ रस्ता नव्हे. ती फक्त एवढं सांगते की कल्याणच्या कुणीतरी इथे दान दिलं. तो कुठल्या वाटेनं आला, खाडीतून होडीनं की पायी, हे लेख सांगत नाही. आलेखात रेघ ओढणं म्हणजे एक विधान करणं असतं, आणि एकाच चित्रात दोन प्रकारची विधानं सारख्या रंगानं काढली की वाचणाऱ्याची फसगत होते. म्हणून या थराच्या रेघा मी तुटक ठेवल्या. खाली खरा नकाशा असला की वरच्या सगळ्या रेघा आपोआप खऱ्या वाटू लागतात. या पद्धतीचा मोठा गुण आणि मोठा धोका दोन्ही त्यातच आहेत.

दुसरा थर : उत्तरेचं टोक

1534च्या तहानं वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. मग जाळ्याचा मध्य उत्तरेला सरकला. वसई ही त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. ठाणे, घोडबंदर, वेसावे, वांद्रे या खाडीकाठच्या आणि समुद्रकाठच्या जागा एकमेकींना पाण्यानं जोडलेल्या. या थरात रेघा बेटाच्या कडेनं फिरतात. आतल्या भागात चर्चचे बिंदू आहेत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, सीप्झच्या आवारात, 1579 साली बांधलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. 1840 साली साथीमुळे ते सोडून वस्ती मरोळला गेली. म्हणजे तोवर बेटाच्या आतल्या भागातही नांदती गावं होती.

1737मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. 1774च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि 1782च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. या सगळ्या काळात बेटाचं मुख्य गाव ठाणे. मुंबई हे दक्षिणेचं वेगळं बेट होतं, मध्ये खाडी.

तिसरा थर : दोन बंधारे, दोन झाडं

मग ती खाडी दोन ठिकाणी बांधली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बंधारा झाला. 1845 साली लेडी आवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून माहीम-वांद्र्याचा. आजच्या उपनगरांचं नशीब या दोन जागांनी ठरवलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. मुंबईहून साष्टीत शिरायला दोन दारं, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि पुढे प्रत्येक दारातून एकेक रेल्वे गेली.

पूर्वेची आधी. मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क 1843 साली भांडुपला गेले असताना त्यांना मुंबई, ठाणे आणि पुढे थळ व बोर घाट जोडणाऱ्या रेल्वेची कल्पना सुचली असं सांगतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पश्चिमेला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे 1864मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचली, आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅक बेला रोजची एक गाडी सुरू झाली. त्या गाडीच्या थांब्यांची नावं वाचायला गंमत वाटते: बोरिवलीचं बोरेवला, गोरेगावच्या जागी पहाडी, अंधेरीचं अंदारू.

या दोन कंपन्या, त्यांचे दोन मार्ग. पूर्वेच्या कंपनीला घाट चढून दख्खनचा कापूस आणायचा होता, पश्चिमेच्या कंपनीला गुजरातचा. साष्टी हे दोघींच्याही लेखी वाटेत लागणारं बेट होतं. वाटेतल्या गावांनी एकमेकांकडे कसं जायचं, हा प्रश्न कुठल्याच कंपनीच्या कागदावर असण्याचं कारण नव्हतं.

आलेखाच्या भाषेत ज्या जाळ्यात एकही फेरा पूर्ण होत नाही, त्याला झाड म्हणतात. झाडात कुठल्याही दोन बिंदूंमध्ये एकच वाट असते. साष्टीवर अशी दोन झाडं उगवली, आणि दोन्हींची मुळं दक्षिणेला मुंबईत. मधल्या डोंगरात तोवर तलाव होऊ लागले होते: 1860मध्ये विहार, 1879मध्ये तुळशी, आणि शतकाच्या शेवटच्या दशकाच्या सुमारास पवई. पाणी शुद्ध राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. कान्हेरीच्या काळी जो मध्य होता, तो आता मुंबईच्या पाण्याचा साठा झाला. डोंगर आडवा आला हे खरं, पण तो आडवा राहावा अशी शहराची गरजही तयार झाली.

दादरचा पूल

या दोन झाडांना जोडणारी रेघ कुठली? रेल्वेच्या वेळापत्रकावरून जाळं भरलं तर ती सापडतच नाही. दादर पश्चिम आणि दादर मध्य ही त्या वेळापत्रकांत दोन वेगळी स्टेशनं. त्यांना जोडतो तो पादचारी पूल, आणि त्यावरून गाडी जात नाही, माणसं जातात. ही पायी रेघ हातानं भरली की एकदम सगळं जाळं जिवंत होतं. वडाळ्याहून वांद्र्याकडे वळणारा हार्बरचा फाटा आणि उत्तरेला वसई-दिवा मार्ग हे दुसरे जोड आहेत. पण उपनगरातला माणूस पूर्वापार दादरलाच ‘बदलतो’.

कुठला बिंदू किती मोक्याचा, हे मोजायची एक रीत 1977मध्ये लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञानं नेमकी मांडली. प्रत्येक दोन बिंदूंमधली जवळची वाट शोधायची आणि मधल्या प्रत्येक बिंदूवरून अशा किती वाटा जातात ते मोजायचं. नेटवर्कएक्समध्ये हा हिशेब एका ओळीत होतो. फक्त दोन मुख्य मार्ग आणि तो पूल घेतला, तर पश्चिमेच्या कुठल्याही स्टेशनाहून पूर्वेच्या कुठल्याही उपनगराकडे जाणारी वाट दादरवरूनच जाते. मोठं ठिपकं म्हणजे मोठा आकडा असं सांगितलं, की नकाशावर दादरचा ठिपका बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो. संध्याकाळी त्या पुलावर अडकलेल्याला यासाठी संगणक लागत नाही. पण संगणक एक गोष्ट अधिक सांगतो: ही गर्दी केवळ दादरच्या बाजारामुळे किंवा त्याच्या मध्यवर्ती जागेमुळे नाही. वीस किलोमीटर उत्तरेला जी रेघ नाही, तिचं ओझं हा पूल वाहतो आहे.

सहा वर्षांची रेघ

ती रेघ एकदा ओढली गेली होती. 1928 साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्यापर्यंत एक रेल्वे सुरू झाली. तुर्भे म्हणजे इंग्रजी कागदांतलं ट्रॉम्बे. लांबी सुमारे 13 किलोमीटर. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे किंवा मध्य साष्टी ट्रामवे अशी तिची नावं, आणि ती चालवत होती जीआयपी रेल्वे. 1934मध्ये ती बंद झाली. नकाशावर हा थर काढताना रंग निवडायला मी बराच वेळ लावला. आडवी गेलेली ती एकटीच रेघ आहे, सहाच वर्षं टिकलेली, आणि तिच्या खाली-वर शंभर वर्षं सगळ्या रेघा उभ्या.

काळ लक्षात घ्या. 5 जानेवारी 1928 रोजी पश्चिमेच्या मार्गावर कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. पूर्वेला 1925पासून विजेच्या गाड्या होत्या. 1920मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा केला होता. उपनगरं वाढत होती, पण वाढत होती ती दक्षिणेकडे पाहत, ऑफिसच्या वेळेला. आडव्या रेघेला लागणारी माणसं, अंधेरीला राहून घाटकोपरला किंवा कुर्ल्याला कामाला जाणारी, अजून पुरेशी नव्हती. ती आली कारखान्यांबरोबर, स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत. मरोळ, साकीनाका, विक्रोळी, भांडुप. तोवर रूळ उरले नव्हते.

प्रशासनही बाहेरून आत असंच आलं. 1950मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, 1957मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. दोन्ही वेळा ती दोन्ही झाडांच्या खोडावरून वर चढली. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानं आडवी वाट नंतर मोकळी केली, बसगाड्या त्यावरून धावतात, पण रुळांचं जाळं उभंच राहिलं.

8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं. अंधेरी आणि घाटकोपर यांतलं सरळ अंतर सुमारे साडेसात किलोमीटर. आधी दादरवरून ते सुमारे 22 होत होतं, म्हणजे तिप्पट. जाळ्यात ही एक रेघ घालून हिशेब पुन्हा केला, की दोन्ही झाडांना मिळून उपनगरांत पहिला मोठा फेरा पूर्ण होतो आणि दादरचा ठिपका आकसतो. घाटकोपरचा मोठा होतो. प्रत्यक्षातही घाटकोपर स्टेशनाच्या पुलावर संध्याकाळी उभं राहून बघा. ओझं नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं. 1928 आणि 2014चे थर एकावर एक ठेवले की दोन्ही रेघांची अंधेरीकडची बाजू जवळजवळ आलेली दिसते. ऐंशी वर्षांनी शहर त्याच प्रश्नाकडे परत आलं होतं.

त्यानंतर 2022-23मध्ये पश्चिमेला दहिसर ते अंधेरी दोन नव्या मेट्रो मार्गिका झाल्या. त्या उभ्याच आहेत.

कोऱ्या जागेतली माणसं

आता मुलुंड आणि बोरिवलीकडे परत येऊ. या चौपटीवर उपाय म्हणून दोन मोठी कामं हाती घेतली आहेत: गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली जुळे बोगदे. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणार आहेत. 13 जुलै 2024 रोजी ठाणे-बोरिवली बोगद्याचं आणि गोरेगाव-मुलुंड रस्त्याच्या बोगद्यांचं भूमिपूजन झालं. या रेघा आलेखात घातल्या की अंतरं झरझर खाली येतात. पडद्यावर ते आकडे बघताना मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्या माणसांना भेटायला जायचं असतं तेव्हा शेहेचाळीस किलोमीटर हा केवळ आकडा नसतो.

पण पार्श्वभूमीचा नकाशा थोडा गडद केला आणि वरचे सगळे थर फिके केले, तर आणखी काही दिसतं. जुन्या नकाशातल्या त्या डोंगरी भागात बारीक अक्षरांत नावं आहेत, पाणंदीसारख्या तुटक वाटा आहेत. माझ्या आलेखात त्यांतला एकही बिंदू नव्हता, कारण मी स्टेशनांची यादी घेतली होती आणि पाड्यांना स्टेशन नसतं. 1949मध्ये सुरू झालेल्या आरे दूधवसाहतीच्या परिसरात केलटीपाडा, प्रजापूरपाडा, खांबाचापाडा आहेत. उद्यानाच्या आतही पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या वाटा कुठल्याही वेळापत्रकात नाहीत. ज्याला आपण मधली पोकळी म्हणतो, ती त्यांची घरं आहेत. पोकळी नकाशात नसते, आपण बिंदूंची यादी कुठून घेतो त्यात असते.

हा फरक कागदावरचा नाही. नवा रस्ता कुठून न्यायचा, बोगद्याचं तोंड कुठे उघडायचं, कुणाला हलवायचं, हे ठरवताना असेच आलेख पडद्यावर लावले जातात. त्यांत बिंदू नसलेलं गाव वाटेत येत नाही, म्हणून ते ‘अडथळा’ म्हणून नंतर उगवतं. दोन रेल्वे कंपन्यांना साष्टी जशी नुसती वाटेत लागलेली जागा दिसली, तसंच पुन्हा होऊ शकतं. या वेळी ते उभ्या रेघेऐवजी आडव्या रेघेसाठी होईल, इतकंच.

म्हणून मी पाड्यांचा एक थर वेगळा केला. जी नावं नकाशावर आणि माणसांच्या बोलण्यात दोन्हीकडे सापडली तेवढेच बिंदू, आणि रेघा मुळीच नाहीत, कारण त्या कशा जातात ते तिथे चालणाऱ्यांनाच विचारून काढायला हव्यात. नेटवर्कएक्सला रेघांशिवायचे बिंदू चालतात. ते त्यांना ‘सुटे’ म्हणतं आणि पडद्यावर गुपचूप काढतं. मध्यकेंद्राच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य येते. त्या शून्याचा अर्थ ते महत्त्वाचे नाहीत असा नाही. आपण अजून विचारलेलं नाही, एवढाच आहे.

तुमच्याकडे तुमच्या उपनगराचा जुना नकाशा असेल, शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातला असला तरी चालेल, तर हे करून बघण्यासारखं आहे. स्टेशनांपासून सुरुवात करू नका. आधी विहिरी घ्या, गावठाणं घ्या, जत्रा भरते ती देवळं आणि क्रूस घ्या, कोळीवाडे घ्या. सहासष्टपैकी किती नावं अजून कुणाच्या तोंडी आहेत ते बघा. रेघा नंतर.